तासिकेतली गळती आणि वर्गाची घडी

रेघोटी (धागाकर्ती)

वेळापत्रकात तासिका ४० मिनिटांची असते. त्यात शिकवणं किती मिनिटं चालतं हे घड्याळ लावून मोजलं की आकडा खूपच खाली येतो. घंटेनंतर वर्ग स्थिरस्थावर होणं, हजेरी, वह्या गोळा करणं, वाटणं, "कुठलं पान?", "पेन संपलं", "पाणी पिऊन येऊ?" आणि शेवटी घंटेआधीच सुरू होणारी दप्तरांची खडखड. यातलं एकही काम मोठं नाही, म्हणून त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

हिशेब असा. एका तासिकेत ४ मिनिटं गळाली, दिवसाला ६ तासिका आणि वर्षाला २०० दिवस धरले, तर ४,८०० मिनिटं. म्हणजे ८० तास. ४० मिनिटांच्या १२० तासिका, म्हणजे पूर्ण २० दिवस. सुट्टी जाहीर न करता वीस दिवस वर्ग बंद!

रोज तशीच होणारी कामं ठरल्या रीतीने करून ही गळती कशी बुजवायची, त्यासाठी हा धागा. कोणतं काम, कोणत्या क्रमाने, किती सेकंदांत, आणि बिघडतं कुठे, एवढंच लिहूया. "मुलांना प्रेमाने समजावलं की सगळं होतं" यासाठी वेगळा धागा काढता येईल.

सुरुवात तासिकेच्या पहिल्या ५ मिनिटांपासून करते. मुलं आत येण्याआधी फळ्याच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात ४ प्रश्न लिहिलेले हवेत. कोपरा रोज तोच. २ प्रश्न कालच्या धड्यावर, १ गेल्या आठवड्यातला, १ महिन्याभरापूर्वीचा. मुलं बसतात, वही उघडतात, तारीख घालतात, लिहू लागतात. कुणी "सुरू करा" म्हणायचं नाही. तेवढ्यात हजेरी होते: बैठकीचा तक्ता हातात धरून फक्त रिकाम्या जागा टिपायच्या. नाव घेऊन ४८ मुलांची हजेरी घ्यायला ३ मिनिटं सहज जातात, रिकाम्या जागा मोजायला २० सेकंद. हजेरीपटावर नंतर चढवता येतं.

हे बिघडायची कारणं ठरलेली आहेत. प्रश्न नवीन किंवा अवघड असला तर मुलं विचारायला टेबलाशी येतात आणि रांग लागते. प्रश्न तपासलेच गेले नाहीत तर आठवड्याभरात अर्धा वर्ग नुसती तारीख लिहून बसतो. आणि सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे चारही प्रश्न फळ्यावर सोडवून दाखवत बसणं. पाच मिनिटांचा सराव पंधरा मिनिटं खातो, मग शिक्षक म्हणतात, "हे प्रकरण वेळखाऊ आहे." उत्तरं एका दमात सांगायची, मुलांनी आपापली खूण करायची, "कितवा चुकला?" म्हणून हात वर करायला लावायचे आणि ज्यात सर्वांत जास्त हात येतील तेवढाच एक उलगडायचा. ९० सेकंद.


मागचा बाक

पहिला नंबर! (सवय जात नाही.) धागा मस्त. मधल्या तासिकेला येणाऱ्या शिक्षकाने मुलांच्या आधी फळ्यावर कसं लिहायचं? मुलं वर्गातच बसलेली असतात, शिक्षक धावत येतात.


खडूची धूळ

@मागचा बाक, प्रश्न बरोबर आहे. दोन उपाय. एक, आदल्या दिवशी ४ प्रश्न मोठ्या अक्षरांत अर्ध्या कार्डशीटवर लिहून ठेवायचे आणि आल्या आल्या टांगायचे, १० सेकंद लागतात. दुसरा, वर्गप्रमुखाकडे कार्ड देऊन ठेवायचं. पण मग कार्ड आधीच वाचलं जातं, वर्गप्रमुखाचे मित्र त्या दिवशी फारच हुशार होतात. पहिलाच बरा.

आता वह्यांचं. वेळ सर्वांत जास्त इथे जातो आणि सुधारणं सर्वांत सोपं इथेच.

गोळा करताना वह्या मागून पुढे सरकवायची पद्धत सगळीकडे दिसते. त्यात प्रत्येक मूल पाठमोरं असतं. मागच्याने वही पाठीत टोचायची, पुढच्याने वळून बघायचं, दोन शब्द बोलायचे, गठ्ठा पाडायचा. त्याऐवजी आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडे. देणारा आणि घेणारा दोघेही शिक्षकांना बाजूने दिसतात, मान वळवावी लागत नाही. ६ मुलांची एक ओळ असेल तर उजव्या टोकाच्या मुलाकडे ६ वह्यांचा गठ्ठा येतो. अशा ८ ओळी. शिक्षक उजव्या बाजूने एकदा मागून पुढे चालत येतात आणि ८ गठ्ठे एकावर एक घेतात. सराव झालेला वर्ग हे ४५ सेकंदांत करतो.

तीन बारीक अटी. पुढे देताना आपली वही गठ्ठ्याच्या वर ठेवायची, खाली नाही. मग क्रम कायम राहतो आणि कुणाची वही आली नाही ते गठ्ठा बघूनच कळतं. वही तपासायच्या पानावर उघडलेली द्यायची. पान शोधायला एका वहीला ५ सेकंद धरले तर ४८ वह्यांना ४ मिनिटं जातात, आणि ती मधल्या सुट्टीतून जातात. तिसरी अट, ज्याने गृहपाठ केला नाही त्यानेही वही द्यायचीच, कोऱ्या पानावर उघडून. नाहीतर "वही घरी राहिली" ही सबब जन्माला येते.

परत देताना हाच क्रम उलटा. गठ्ठे बाकांच्या क्रमानेच तपासायचे आणि आडवे-उभे रचून ठेवायचे, म्हणजे ओळी मिसळत नाहीत. एकेक नाव पुकारून वही द्यायला प्रत्येकी ४ सेकंद लागले तरी ४८ मुलांना ३ मिनिटांहून जास्त. ओळीच्या टोकाला गठ्ठा टेकवला की ३० सेकंद.


तिरका बाक

वाचतोय. पण थोडा विरोधी सूर लावतो. हे सगळं वाचताना वर्ग आहे की कवायतीचं मैदान असा प्रश्न पडतो. डावीकडून उजवीकडे, वही वर, पान उघडं, एक दोन तीन. मुलं विचार करायला येतात की गठ्ठे सरकवायला? आणि सेकंद वाचवून पुढे होतं काय? वाचलेल्या चार मिनिटांत आणखी दोन परिच्छेद फळ्यावरून उतरवून घेणार असाल तर मुलांनी गप्पा मारलेल्या बऱ्या.


घंटानाद

@तिरका बाक, तुमचा शेवटचा मुद्दा पटतो, पहिला नाही.

शेवटचा आधी. वेळ आणि शिकणं यांचं नातं मांडताना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन कॅरोल यांनी १९६३ मध्येच सांगितलं होतं की मुलाला शिकायला लागणारा वेळ आणि त्याने शिकण्यात खरोखर घातलेला वेळ, या दोहोंच्या प्रमाणावर सगळं ठरतं. पुढे १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात वर्गांचं प्रत्यक्ष निरीक्षण करणारा मोठा अभ्यास झाला, त्यात वेळेचे थर वेगळे केले गेले: वेळापत्रकाने दिलेला वेळ, त्यात मूल कामात गुंतलेला वेळ, आणि त्यातही मूल योग्य पातळीचं काम बऱ्यापैकी बरोबर करत असलेला वेळ. शिकणं शेवटच्या थराशी बांधलेलं आहे. वह्या लवकर गोळा केल्याने फक्त पहिल्या दोन थरांमधली फट कमी होते. तिसरा थर पाठाच्या दर्जावरच अवलंबून. म्हणजे रीत ही गरजेची आहे, पुरेशी नाही.

आता कवायत. माणसाच्या मनात एका वेळी नवीन अशा चारेक गोष्टीच मावतात. "आता काय करायचं, वही कुठली, कुठे लिहायचं, कुणाशी बोललं तर चालेल" हे प्रश्न रोज नव्याने सोडवावे लागले तर त्यांनीच ती जागा भरते आणि अपूर्णांकाला काही उरत नाही. कागद कसा सरकवायचा हे अंगवळणी पडावं ते डोकं मोकळं राहावं म्हणून. कवायतीत हालचाल हाच उद्देश असतो, इथे हालचाल विसरून जाणं हा उद्देश आहे.

वर्गातल्या शिस्तीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांचं १९७० मधलं काम इथे फार उपयोगी पडतं. बेशिस्त झाल्यावर शिक्षक कसे रागावतात यावरून चांगला वर्ग आणि विस्कळीत वर्ग यांत फरक पडतच नव्हता. फरक होता आधीच्या गोष्टींत: शिक्षकांचं सगळीकडे असलेलं लक्ष, एका वेळी दोन कामं सांभाळणं आणि एका कामातून दुसऱ्यात जातानाची सफाई. ही सफाई कशाने जाते ते त्यांनी नावं देऊन टिपलं. काम अर्धवट लोंबकळत ठेवून मधेच दुसरीकडे वळणं. काम संपवून पुढचं सुरू केल्यावर पुन्हा मागच्याकडे येणं ("वह्या मिटा... बरं, तिसऱ्याचं उत्तर किती आलं?"). एकाच गोष्टीवर पाल्हाळ लावणं. आणि सगळ्यांना एकदम करता येईल ते एकेकाकडून करून घेणं. नावं पुकारून वह्या वाटणं म्हणजे हा शेवटचा प्रकार. मुलं बिघडतात ती त्या रिकाम्या मिनिटांत.


पाटीपेन्सिल

घंटानाद यांच्या प्रतिसादाला +१. लहान वर्गांच्या बाजूने लिहिते.

लक्ष वेधायची खूण एकच असावी. टाळी, घंटा, गाण्याची ओळ, "शूऽऽ" आणि डस्टर आपटणं हे सगळं एकाच वर्गात चालू असेल तर खूण अशी उरतच नाही. हात वर आणि पाचपासून उलटी गणती ही जोडी पुरते. नुसते आकडे नाही म्हणायचे, आकड्यागणिक काम सांगायचं: "पाच, पेन्सिल खाली. चार, वाक्य अर्धं असू दे. तीन, हात मोकळे. दोन, डोळे इकडे. एक." आवाज शेवटाकडे हळू होत जावा. बहुतेक जण तो चढवत नेतात आणि वर्ग त्यावर आपला चढवतो.

"एक" झाल्यावर पूर्ण शांतता होईपर्यंत पुढचं वाक्य सुरू करायचं नाही. चार मुलं बोलत असताना सूचना दिली की वर्ग एवढंच शिकतो की शांत व्हायची गरज नाही, सूचना तशीही मिळते. आणि खूण वाया घालवू नका. ४० मिनिटांत ती ४-५ वेळा यावी. १५ वेळा आली तर ती नुसता आवाज होते. सांगण्यासारखं काही नसताना केवळ वर्ग जास्त बोलतोय म्हणून खूण करायची असेल, तर आधी त्यांना दिलेलं काम बघा. बहुधा ते संपलेलं असतं.

@तिरका बाक, एक बाजू तुमच्या बोलण्यात आली नाही. स्वमग्न मुलं, ऐकू कमी येणारी मुलं, वर्गाची भाषा नुकती शिकणारी मुलं, ज्यांना सूचना एका फटक्यात कळत नाही अशी सगळी मुलं ठरलेल्या क्रमावर उभी असतात. त्यांच्यासाठी दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर लावायचा आणि झालेलं चित्र उलटं करायचं. काम बदलायच्या ५ मिनिटं आणि १ मिनिट आधी तोंडी आणि हाताने इशारा द्यायचा. क्रम मोडणार असेल तर सकाळीच सांगायचं. ज्या वर्गात रोज नवा खेळ चालतो तिथे सर्वांत आधी हीच मुलं बाहेर पडतात.


तिरका बाक

हे मान्य. शब्द परत घेतो असं नाही, पण 'हालचाल विसरून जाणं' पटलं. मग प्रश्न असा, की किती गोष्टींची रीत लावायची? यादी काढायला बसलं तर पन्नास होतील.


रेघोटी

@तिरका बाक, सहा-सात. त्याहून जास्त एका सत्रात बसत नाहीत. निवडायची कसोटी: काम दिवसातून किमान एकदा होतं का, सगळा वर्ग एकदम करतो का, आणि त्यात विचार करण्यासारखं काही नाही ना. आत येणं, लक्ष वेधणं, वस्तू देणं-घेणं, सूचना ऐकून काम सुरू करणं, अडल्यावर काय करायचं, काम लवकर संपलं तर काय, आणि बाहेर जाणं. झाली सात. चर्चा कशी करायची, गणित कोणत्या वाटेने सोडवायचं, याची एकच रीत लावली तर मात्र तुमचं पहिलं म्हणणं खरं ठरेल.

आणि रीत सांगून लागत नाही, शिकवावी लागते. गुणाकारासारखी. भिंतीवर "वर्गाचे नियम" लावलेले असतात आणि मुलांना वाटतं ते भिंतीसाठी आहेत.


खडूची धूळ

शिकवण्याचा क्रम सविस्तर लिहिते, कारण नव्वद टक्के घोळ इथेच होतो (आकडा कळकळीचा आहे, कुठल्या अभ्यासातला नाही!).

१. कारण एका वाक्यात. "वह्या अशा दिल्या की दोन मिनिटं वाचतात, ती आपण शेवटच्या कोड्याला देऊ." यापेक्षा लांब भाषण नको.

२. एका ओळीकडून करून दाखवायचं, बाकीच्यांनी बघायचं. शिक्षकांनी चालता चालता पायरी बोलायची.

३. चुकीचं कसं दिसतं तेही दाखवायचं, पण शिक्षकांनी स्वतः. मुलांना चुकीचं करायला सांगितलं की तेच लक्षात राहतं, आणि हशाही तिथेच पिकतो.

४. सगळ्या वर्गाने, रिकाम्या वहीने, लगेच.

५. काय बरोबर झालं ते नेमकं सांगायचं. "छान" मधून काही कळत नाही. "तिसऱ्या ओळीने वही वर ठेवली म्हणून क्रम राहिला" यातून कळतं.

६. जी पायरी चुकली तिथूनच पुन्हा. ओरडा नाही, शिक्षा नाही, "पुन्हा करू" एवढंच.

पहिल्या दिवशी ३ पेक्षा जास्त रीती नकोत: आत येणं, लक्ष वेधणं, बाहेर जाणं. तिसऱ्या दिवसापासून वह्या. दुसऱ्या आठवड्यात अडल्यावरची आणि लवकर संपल्यावरची. प्रत्येक सरावाला ५ ते ७ मिनिटं. हा वेळ जातो तेव्हा जीव कासावीस होतो, कारण शेजारच्या वर्गात पहिला धडा निम्मा झालेला असतो. पण ३ रीती, प्रत्येकी ७ मिनिटं, १० वेळा धरले तरी २१० मिनिटं, म्हणजे साडेतीन तास. वर ८० तासांचा हिशेब आहेच.


घंटानाद

याला आधार आहे. एमर, एव्हर्टसन आणि अँडरसन या अमेरिकन संशोधकांनी तिसरीच्या वर्गांचं वर्षाच्या सुरुवातीपासून निरीक्षण केलं आणि ते १९८० मध्ये प्रसिद्ध केलं. ज्यांचे वर्ग पुढे नीट चालले त्या शिक्षकांनी पहिल्या आठवड्यांत रीती शिकवल्या, सराव घेतला, पुन्हा आठवण दिली. नियम सगळ्यांकडेच होते, फरक शिकवण्यात होता.

बसवलेली रीत कधी विरते याबद्दल दोन शब्द. मोठ्या सुट्टीनंतर पहिला दिवस, परीक्षेनंतरचा आठवडा, आणि सुरुवातीची नवलाई ओसरल्यावर. या तिन्ही वेळी ६ पायऱ्यांपैकी फक्त चौथी आणि पाचवी पुन्हा घ्यायची, ५ मिनिटांत काम होतं. "तुम्हाला येतं ना हे?" असं विचारून सोडून देणं ही चूक. येतं, पण करत नाहीत. करून घ्यावं लागतं.


दोन इयत्ता

फार कामाचा धागा. माझा प्रश्न: एका खोलीत दोन इयत्ता, शिक्षक एक. एका गटाला शिकवताना दुसऱ्या गटातून दर दोन मिनिटांनी कुणीतरी उठून येतं. प्रवेशाचा सराव दोन्हीकडे लावला तरी पुढे गाडी अडते.


रेघोटी

@दोन इयत्ता, तुमच्याकडे तर रीतीशिवाय निभावच नाही. ४० मिनिटं अशी तोडून बघा. पहिली ५ दोन्ही गटांचा सराव. पुढची ३ मिनिटं फक्त ब गटाला: स्वतः करायचं काम देऊन पहिला प्रश्न त्यांच्याकडून सुरू करून घ्यायचा, तोवर अ गट सरावाच्या चुका दुरुस्त करतो. मग १३ मिनिटं अ गटाला शिकवणं. मग २ मिनिटं अदलाबदल, १३ मिनिटं ब गटाला, शेवटची ४ दोघांची. मेख त्या ३ मिनिटांत आहे. ज्याला आपण शिकवणार नाही त्या गटाला आधी मार्गी लावायचं. बहुतेक जण उलट करतात.

स्वतः करायचं काम म्हणजे आधी शिकवलेल्याचा सराव. नवीन काही नाही. आणि १३ मिनिटांना पुरून उरेल एवढं: मध्यम गतीच्या मुलाला १० मिनिटं लागतील इतके प्रश्न, त्याखाली रेघ, रेघेखाली २ लांब प्रश्न. लवकर संपणाऱ्यांसाठी रेघेखालची जागा.

उठून येणाऱ्यांसाठी: आधी फळ्यावरचं उदाहरण, मग वही, मग शेजारी, मग खूण. खूण म्हणजे बाकाच्या कोपऱ्यावर लाल कार्ड ठेवायचं आणि पुढच्या प्रश्नाला लागायचं. "पुढच्या प्रश्नाला लागायचं" हे शिकवलं नाही तर मूल कार्ड ठेवून हाताची घडी घालून बसतं. शिक्षक अदलाबदलीच्या २ मिनिटांत सगळी लाल कार्डं बघतात. एकाच प्रश्नावर ५ कार्डं असतील तर एकेकाकडे जायचं नाही, फळ्यावर एकदा सांगायचं.


मागचा बाक

आणि लघवीला जायचं? लाल कार्ड ठेवून पुढच्या प्रश्नाला लागायचं का? :)


पाटीपेन्सिल

@मागचा बाक, हसण्यावारी नेऊ नका, तासिका तोडण्यात त्या प्रश्नाचा वाटा मोठा आहे. दोन बोटं वर, शिक्षकांनी नुसती मान हलवायची, मुलाने दाराजवळचा लाकडी पास घेऊन जायचं. पास एकच, म्हणून एका वेळी एकच मूल बाहेर. बोलणं शून्य, शिकवणं सुरू. "पहिली आणि शेवटची १० मिनिटं नाही" असा नियम काही ठिकाणी लावतात. मोठ्या मुलांना ठीक, लहानांना आणि ज्यांना त्रास आहे त्यांना लावू नये. इथे रीत आहे ती तास न थांबवण्यासाठी. मुलाला अडवणं हा तिचा हेतू नाही.

पेन्सिलीचंही तसंच. दोन डबे, एकात टोक केलेल्या, दुसऱ्यात बोथट. मोडली की बोथट डब्यात टाकायची, दुसरी उचलायची. तासिकेत शार्पनर नाही. दिवसाअखेर पाळीच्या मुलाने सगळ्यांना टोक करायचं. डबे पुढे टेबलावर ठेवले तर मुलं सगळ्या वर्गासमोरून मिरवत जातात, बाजूच्या भिंतीशी ठेवा.


खडूची धूळ

सूचना देण्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. वह्यांइतकीच मोठी गळती खरं तर तिथे आहे: काम सांगितल्यावर "काय करायचं?" असं दहा जण विचारतात.

वस्तू आधी आणि सूचना नंतर, हा क्रम घातक. हातात कात्री आली की कान बंद होतात. आधी सूचना, मग वस्तू. सूचनेत पाच गोष्टी याव्यात: काय करायचं, एकट्याने की जोडीने, आवाज किती, वेळ किती, झाल्यावर काय. पायऱ्या ३ हून जास्त असतील तर फळ्यावर क्रियापदाने सुरू होणाऱ्या छोट्या ओळी लिहायच्या: वाचा, अधोरेखित करा, जोडीदाराला सांगा. मग "समजलं का?" विचारायचं नाही, त्याचं उत्तर नेहमी सामुदायिक "होऽऽ" असतं. एका मुलाला पहिली पायरी सांगायला लावायची, दुसऱ्याला शेवटची. "सुरू" हा शब्द म्हटल्याशिवाय कुणी हलायचं नाही.

आणि "सुरू" म्हटल्यावर पहिली ३० सेकंद शिक्षकांनी एका जागी उभं राहून सगळ्या वर्गाकडे बघायचं. कुणालाही मदत करायला वाकायचं नाही. कोण सुरू झालं, कोण नाही, ते याच वेळी दिसतं. लगेच एका बाकापाशी वाकलात की उरलेला वर्ग तुमच्या पाठीमागे गेला.


घंटानाद

प्रश्न विचारण्याची रीतही हवी. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी १ सेकंदच थांबतात, आणि ते थांबणं ३ सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब होतात, "माहीत नाही" कमी होतं, एरवी गप्प असणारीही बोलतात. म्हणून क्रम: प्रश्न, मनात तीन अंक, मग नाव. नाव आधी घेतलं की उरलेले ४७ सुटले. वेळ वाचवायच्या धाग्यात थांबायला सांगतोय हे दिसायला उलटं आहे, पण ही ३ सेकंद गळतीत जात नाहीत, तेवढा वेळ सगळी डोकी चालू असतात.

पाट्या वापरत असाल तर: लिहा, पालथी धरा, खुणेबरोबर सगळ्यांनी एकदम वर, खाली, पुसा. 'पालथी' विसरलं की पहिल्या बाकावरचं उत्तर मागपर्यंत पोचतं.


तिरका बाक

बरं, मोजायचं कसं ते सांगा कुणीतरी. अंदाजाने "आमच्याकडे वेळ जात नाही" सगळेच म्हणतात, मीही.


रेघोटी

मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. चारच जागा मोजायच्या. घंटेपासून दहातली नऊ मुलं लिहू लागेपर्यंत. एक काम थांबल्यापासून दहातली नऊ मुलं पुढच्यात शिरेपर्यंत. वस्तू द्यायला-घ्यायला लागलेला वेळ. आणि पहिलं दप्तर बंद झाल्यापासून घंटेपर्यंत. 'शेवटचं मूल' मोजू नका, एका मुलामुळे आकडा फुगतो आणि राग त्या मुलावर निघतो.

एकाच वर्गाच्या ५ तासिका मोजा, सकाळच्या आणि दिवसाअखेरच्या मिसळून. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या. ज्या जागेचा आकडा सर्वांत मोठा, तिथली एकच रीत सुधारायला घ्या. दोन आठवड्यांनी पुन्हा ५ तासिका. मुलांसमोर ओळी-ओळींची शर्यत मात्र लावू नका, वह्या फेकल्या जातात.

चौथ्या जागेसाठी: शेवटची ४ मिनिटं ठरवून ठेवायची. एका चिठ्ठीवर एकच प्रश्न, २ मिनिटं. मग आवरणं, मग ओळीने बाहेर जाताना चिठ्ठी डब्यात. नंतर चिठ्ठ्यांचे तीन ढीग करायचे: आलं, अर्धवट, नाही. एकीला ५ सेकंद धरले तर ४८ चिठ्ठ्यांना ४ मिनिटं. मधल्या ढिगातली चूक उद्याच्या ४ प्रश्नांतला पहिला प्रश्न होते. प्रश्न शोधायचा वेळही वाचतो.


बदली तास

उशिरा वाचला धागा. वर्गावर दिवसात सहा शिक्षक येत असतील तर? प्रत्येकाची खूण वेगळी, वही द्यायची दिशा वेगळी.


खडूची धूळ

@बदली तास, त्या वर्गाच्या शिक्षकांनी एकदा १५ मिनिटं बसून तीनच गोष्टी एक करायच्या: लक्ष वेधायची खूण, वही द्यायची दिशा, पानावर तारीख आणि शीर्षक कुठे. बाकी ज्याचं त्याने. सगळंच एकसारखं करायला गेलं की बैठक तासभर चालते आणि ठरत काहीच नाही.

बदलीवर येणाऱ्यासाठी टेबलाच्या खणात एक पान ठेवायचं: बैठकीचा तक्ता, ती खूण, पासची जागा, पेन्सिलींचे डबे कुठे, आणि रीत नीट माहीत असलेल्या दोन मुलांची नावं. दोन यासाठी की एक गैरहजर असतो, नेमका त्याच दिवशी.


बदली तास

पान करून बघतो. पण ती दोन नावं दर महिन्याला बदलावीत का?


खडूची धूळ

हो, आणि पानावर नावं पेन्सिलीने लिहा.